शालीत लपवलेली सात बोटं

गल्लीत त्याला सगळे क्लिकभाऊ म्हणत. एकेकाळी कोपऱ्यावर त्याचा फोटो स्टुडिओ होता. "मान थोडी डावीकडे, हं, आता हसा" असं ओरडून ओरडून त्याचा घसा बसायचा. मग ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आला, लोक आपली मान आपणच डावीकडे करायला लागले आणि क्लिकभाऊने मुकाट्याने शटर खाली ओढलं.

आता तो घरातल्या पुढच्या खोलीत बसून एआयकडून चित्रं बनवून घ्यायचा आणि स्टॉक फोटोंच्या वेबसाइटवर विकायला ठेवायचा. जाहिरातवाल्यांना हसरा डॉक्टर हवा असो की आनंदी कुटुंब, सगळं तयार! "जन्मभर हलणाऱ्या पोरांवर खेकसलो," तो बायकोला म्हणायचा, "आता गिऱ्हाईक कसं गप्प बसतं बघ. फक्त बोटं तेवढी मोजून घ्यावी लागतात." कारण एआयला चेहरे झकास जमत, हातांशी मात्र त्याचं काय वाकडं होतं देव जाणे. "कलाकार होतो, बोटं मोजणारा कारकून झालो," असं म्हणून तो स्वतःच हसायचा.

त्याच खोलीत खिडकीपाशी त्याची आई बसलेली असे. मधूनच ती पडद्याकडे बघून विचारी, "ही कोण रे?" कानातला हेडफोन न काढताच हा म्हणे, "आहेत एक ओळखीच्या." स्टुडिओ गेला तरी आईच्या लेखी आपण फोटोग्राफर राहावं, एवढीच त्याची हौस. कॅमेरा माळ्यावर धूळ खात होता, पण ते आईला कोण सांगणार?

एके दिवशी सकाळी चहाचा कप खाली ठेवून आई म्हणाली, "मी वृद्धाश्रमात राहायला जाते."

क्लिकभाऊच्या तोंडचं पाणी पळालं. "कोणी काही बोललं का तुला? ही बोलली?"

"सून कशाला बोलेल? गुणाची आहे ती. अरे, समोरच्या बस थांब्यावर वृद्धाश्रमाचा बोर्ड लागलाय, त्यावर ती बाई आहे. बागेत बाकावर बसलेली. तूच तर काढलायस तिचा फोटो, मी बघितला होता इथे. चांगली वाटते रे. हात शालीत घेऊन बसलीय, थंडी सोसत नाही वाटतं. आणि शेजारी अर्धा बाक रिकामा. मला वाटलं, तिलाही कोणी नाही बोलायला. तुझी ओळख आहे ना? सोमवारी मला घेऊन चल तिच्याकडे."

क्लिकभाऊ चपला न घालताच थांब्यापाशी धावला. बोर्डावर त्याचीच म्हातारी हसत होती. शाल तिच्या हातांवर त्यानेच घातली होती, कारण आत सात बोटं होती. अर्धा बाकही त्यानेच मोकळा सोडला होता. गिऱ्हाइकाला मजकूर टाकायला जागा लागते, हा धंद्यातला पहिला धडा. त्या शहाण्यांनी मजकूर खाली टाकला आणि बाक तसाच ठेवला. चित्र विकलं गेलं त्या दिवशी या पठ्ठ्याने घरभर फुशारकी मारली होती. आता त्याच चित्रापायी त्याची आई घर सोडून निघाली होती. वा रे कलाकार!

घरी येऊन तो आईसमोर उभा राहिला. "आई, ती बाई नाहीये."

"अगं बाई! गेली?"

"गेली नाही गं. नव्हतीच कधी. मी कॉम्प्युटरला लिहून सांगतो, तो चित्र बनवतो. कॅमेरा मी केव्हाच माळ्यावर टाकलाय. तुला खोटं सांगत आलो."

आईने खिडकीतून समोरच्या बोर्डाकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने विचारलं, "काय लिहिलं होतंस, म्हणून ती इतकी छान हसली?"

त्याची मान खाली गेली. "लिहिलं होतं की... मुलगा शेजारी बसून गप्पा मारतोय आणि म्हातारी आई ऐकतेय. मग मुलाला पुसून टाकलं. जागा हवी होती."

पाय आखडून आईने खिडकीखालच्या पलंगावर जागा केली आणि हाताने थोपटून दाखवली. तो बसला. गळ्यातला हेडफोन काढून त्याने मांडीवर ठेवला. न जन्मलेल्या आज्यांचं सुरकुत्यांपासून चष्म्याच्या दोरीपर्यंत सगळं पानभर लिहून सांगणारा हा बहाद्दर, त्याला सख्ख्या आईशी बोलायला एक शब्द सुचेना.

"गोळी घेतलीस का?" शेवटी त्याने विचारलं.

"घेतली. ते तू रोजच विचारतोस," आई म्हणाली. "पुढे बोल."