उद्याच्या गाडीत दोघं

दुपारचं जेवण झालंय. जेवण म्हणजे दोन घास ताकभात, बाकीचं ताटातच राहिलं. मी पलंगावर आडवा आहे. वर पंखा फिरतोय आणि त्याचा वारासुद्धा गरम आहे. माझ्या बायकोला, शालनला, हीच ऊब हवी होती. आमचं सगळं आयुष्य पाचगणीत गेलं. मी तिथल्या एका निवासी शाळेत सुतार होतो. थंडीपावसात तिची बोटं सुजून यायची, म्हणून तिनेच हे म्हाताऱ्यांचं संकुल शोधून काढलं, समुद्राजवळचं. दोघांसाठी दोन पलंगांची खोली घेतली. इकडे यायच्या आधीच ती गेली, झोपेत. मग माझ्या पोटात गाठ निघाली. मी एकटाच आलो आणि इथूनच केमोला जातो. निम्मे डोस झाले, निम्मे राहिलेत. पुढचा उद्या आहे. पण सकाळीच मी इथल्या ऑफिसात जाऊन सांगून आलो, उद्या हॉस्पिटलची गाडी नको. परवाही नको. पुरे झालं आता.

हे मनात घोळत असतानाच डोळे मिटतात.

पंखा थांबतो, की मला ऐकू येणं थांबतं, कळत नाही. समोरच्या पलंगावर शालन बसली आहे. तिच्या डोक्याला रुमाल बांधलाय. रुमालाखाली केस नाहीत. मी माझ्या डोक्याला हात लावतो. केस आहेत. चांगले दाट.

"अहो, तुम्ही?" ती घाबरत नाही, वैतागते. "सांगून तरी यायचं. चादर बदलून ठेवली असती."

"अगं, मी इथेच राहतो."

"तुम्ही कुठले इथे? तुम्हाला जाऊन वर्ष झालं. वर्षश्राद्धसुद्धा केलं. पेडणेकरांनी खीर दोनदा घेतली."

पेडणेकर शेजारच्या खोलीतले. त्यांनी खीर दोनदा घेतली हे खरंच आहे. पण श्राद्ध तिचं होतं. पाटावर मी बसलो होतो. बसलो होतो ना? आता मला पाट आठवतो, खीर आठवते, मी आठवत नाही.

मी आल्यापासून सामानाच्या पिशव्या उघडलेल्या नाहीत. पण कपाट उघडं आहे आणि आत तिच्या साड्या घडी करून लावल्यात. खिडकीत तुळस आहे. खिडकीबाहेर नारळ असायला हवेत, तिथे पाचगणीचं धुकं आहे. मी हात बाहेर काढतो. धुकं कोमट लागतं, न्हाणीतल्या वाफेसारखं.

"चला, चहाची वेळ झाली," ती म्हणते.

आम्ही भोजनगृहात आहोत. पण ही तर शाळेतली माझी कार्यशाळा. सगळे म्हातारे रंधा मारायच्या बाकांवर बसून चहा पितायत. बशांखाली भुसा आहे. पेडणेकर पत्ते पिसतायत.

"काय शालनताई, पाहुणे?"

"पाहुणे कसले. आमचे हे. गेलेले."

"अरे वा! बसा हो, बसा. एक डाव टाकून जा. तिकडे कोण खेळणार तुमच्याशी?"

कुणालाच काही वाटत नाही. मी बसतो. चहा तोंडाला लावतो, तर गोड लागतो. केमो सुरू झाल्यापासून मला सगळं लोखंडासारखं लागतं. शालन मात्र कप बाजूला सारते.

"लोखंड चाटल्यासारखं लागतंय," ती म्हणते. मग खाली बघून, "मी उद्याची गाडी नको म्हणून सांगितलंय."

"का?"

"का म्हणजे? त्या खुर्चीत दिवसभर सुई लावून बसायचं. येताना पिशवीत ओकायचं. आणि खोलीत आल्यावर 'कसं वाटतंय' म्हणून विचारायलासुद्धा कुणी नाही. कुणासाठी करायचं हे?"

हे शब्द माझे आहेत. सकाळी दाढी करताना मी आरशासमोर हेच बोललो होतो. पण तिच्या तोंडून ऐकताना मला राग येतो, भयंकर राग.

"विचारतात की लोक! हे पेडणेकर विचारतात."

"त्यांना पत्त्यांना चौथा गडी लागतो म्हणून."

"पत्त्यांसाठी का होईना! विचारतात ना? तू जायचंस उद्या."

"तुम्हाला सांगायला काय जातंय? मेल्यावर सगळेच शहाणे होतात."

"मी मेलेलो नाही, शालन."

ती माझ्याकडे नीट बघते. चष्मा नसताना बघायची तशी, डोळे बारीक करून.

"मग आपल्यात मेलंय कोण?"

मला उत्तर ठाऊक आहे. म्हणजे, ठाऊक असावं. पण ते बोललो तर हा बाक रिकामा होईल.

"ते नंतर बघू," मी म्हणतो. "आधी गाडीचं सांगू."

"हे तुमचं नेहमीचं. विषय अंगाशी आला की काहीतरी काम काढायचं."

पण ती उठते. मी तिचा हात धरतो. बोटं सुजलेली नाहीत, सरळ आहेत, गरम आहेत. आम्ही ऑफिसकडे निघतो. व्हरांडा संपतच नाही. दोन्ही बाजूंना हॉस्पिटलातल्या त्या मोठ्या खुर्च्या लागतात, प्रत्येक खुर्चीशेजारी बाटली टांगलेली. एक नर्स विचारते, "पेशंट कोण तुमच्यातलं?" आम्ही दोघं एकदम एकमेकांकडे बोट दाखवतो. शालनला हसू फुटतं. मलाही.

"बरोबर येणार आहात का?" ती चालता चालता विचारते. "एकटी नाही जायची मी."

"येतो."

"नक्की?"

"येतो म्हटलं ना."

ऑफिसची खिडकी येते. आत अंधार आहे. मी वाकून मोठ्याने सांगतो, "उद्याची गाडी हवी. हो, हॉस्पिटलची. दोघं आहोत."

"काका?"

आवाज खिडकीतून येत नाही. अगदी कानात येतो.

"काका, ऐकू येतंय ना? तृप्ती बोलतेय, ऑफिसमधून."

पंखा फिरतोय. मी समोरच्या पलंगाच्या कडेला बसलोय, आणि इंटरकॉमचा रिसीव्हर माझ्या हातात आहे. इथपर्यंत मी कधी आलो? नंबर कुणी लावला?

"सकाळी नको म्हणालात, आता दोघं म्हणताय," तृप्ती म्हणते. "मघापासून कुणाशी तरी बोलत होतात, म्हणून मी थांबले होते. दुसरं कोण येतंय बरोबर?"

मी पलंगाकडे बघतो. चादर ताठ आहे, फक्त मी बसलोय तिथे दबलेली. भिंतीपलीकडे पेडणेकर खोकतायत.

"एक मी," मी सांगतो. "दुसऱ्याचं... विचारून सांगतो."

"कुणाला विचारून?"

"शेजारी. नाहीतर... बघू. गाडी मात्र ठेव गं. दोघांचीच लिही."

"बरं काका. लिहिलं."

मी रिसीव्हर ठेवतो. उजवा कान गरम झालाय, बराच वेळ दाबून धरल्यासारखा. हात लावून बघतो. थोड्या वेळाने पुन्हा बघतो. अजून गरमच आहे.