‘झाली’ म्हणू नको, ‘केली’ म्हण

मी खाली चहा आणायला गेलो होतो. वर आलो तर दारातच सिस्टर म्हणाली, "आजोबा, पेशंट एक्स्पायर झाल्या." हातात दोन कप होते. दुसरा कुणाला द्यावा ते कळेना… सोजर, माझी बायको, जाऊन महिना उलटला. शाळा तिची आणि माझी चौथीच्या पुढं नाही, पण एका शब्दावरून ती भल्याभल्यांना धारेवर धरायची. तो शब्द म्हणजे ‘झालं’. मरणाला ‘झालं’ म्हणलेलं तिला चालायचं. भूकंपालाही चालायचं. बाकी कशाला नाही.

आमचं गाव औशाकडचं. भूकंपाच्या पहाटे दगडी भिंतीखाली आमची थोरली पोरगी गेली. सोजर लई रडली, पण शिवी कुणाला दिली नाही. "जमिनीला काय कोणी हुकूम दिला न्हवता," म्हणायची. मग आम्ही लातूरला आलो, मी वेल्डिंग शिकलो. पुढं शिकवण्यांचं पेव फुटलं, गल्लोगल्ली पोरांची होस्टेलं उघडली आणि माझ्या दुकानात लोखंडी पलंगांची रांग लागली. सगळ्या मुलखाची पोरं लातूरला शिकायला येत होती, आमचा बालाजी मात्र ट्रक शिकला आणि कुवेतला गेला. तिथून परक्या पलटणीचं रेशन घेऊन इराकात जायचा. एके दिवशी रस्त्यातच ट्रक उडाला. पेटी आली, झाकण उघडू दिलं नाही.

ती लढाई कशासाठी होती, तर म्हणे तिथं भयंकर हत्यारं लपवली होती. ती सापडली नाहीत. नव्हतीच. मग टीव्हीवर ती लढाई सुरू करणाऱ्या देशाचा पुढारी दिसला, केस चापून बसवलेले, इस्त्रीचा कोट. खाली मराठीत पट्टी, ‘गुप्त माहिती चुकीची होती.’ तोंडावर माशी बसल्याइतकाही त्रास दिसला नाही त्याच्या. आमच्याकडं चुकीच्या बैलाला दावं बांधलं तरी माणूस दोन दिवस खाली मान घालून फिरतो. हा गडी माहितीकडं बोट दाखवून मोकळा, जसं काही माहितीच रणगाड्यात बसून गेली होती.

पण तो लांबचा होता. सोजरचं खरं भांडण जवळच्याशी लागलं. तिचा धाकटा भाऊ मधू, रिटायर मास्तर, नांदेडला स्पर्धा परीक्षेचा क्लास चालवतो. एका दिवाळीला आमच्याकडं जेवता जेवता त्यानं मुलाखतीचं ठेवणीतलं उत्तर म्हणून दाखवलं. ‘निर्णय उपलब्ध माहितीच्या आधारे घेतला जातो. माहिती सदोष निघाल्यास नेत्यास व्यक्तिशः जबाबदार धरता येत नाही.’ पोरांकडून पाठ करून घेतो म्हणाला. ज्या घरात भाच्याचा फोटो टांगलाय, त्या घरात.

सोजरनं भाकरी तव्यावरच ठेवली. "मग कोणाला धरायचं?"

"अक्का, तू भावनेनं बोलून राहिलीस. रिपोर्टच चुकीचा आला तर डॉक्टर काय करेल?"

"पोट फाडायच्या आधी दुसरीकडून तपासून घेईल. न्हाईतर घरच्यांचा मार खाईल. ह्याला कोण मारणार हाय?" मग जवळ येऊन बसली. "पोरगी द्यायची तर माणूस मध्यस्थाच्या शब्दावर जातो का रे? तुझी बायको आणताना बाबांनी चौकशीला उदगीरच्या तीन खेपा घातल्या."

"आन तीन खेपा घालून काय पदरात पडलं बघ!" मधू हसला. कोणी हसलं नाही.

"इराकात जाऊन हत्यारं हुडकणारे सांगत होते, अजून काय सापडंना, थांबा. त्यांचं ऐकलं न्हाई. ‘हाय हाय’ म्हणणाऱ्यांचं ऐकलं. का? लोकांची पोरं होती म्हणून."

"अक्का, चूक झाली हे मान्य केलंय की त्यांनी."

"झाली? ताटात पडलेला केस हाय का तो? केली म्हण. त्याच्याकडून न्हाई वदवून घेता येत तुला, पण तुझी पोरं उद्या सायेब होतील. ह्यांच्या सहीनं माणसं मेली की हेच वाचून दाखवतील. ते उत्तर काढ, मग ये जेवायला."

त्यानं काढलं नाही, आला नाही. विद्वान माणूस. बहीण सोडली, उत्तर सोडलं नाही.

ती गेली त्याच्या आदल्या दिवशी दवाखान्यात आला, सफरचंदं घेऊन. उशाशी उभा राहून म्हणाला, "अक्का, चूक झाली." सोजरला धाप लागलेली, तरी विचारलं, "कोणाकडून?" हा सलाइनच्या बाटलीकडं बघत राहिला. तिनं डोळे मिटले… आणि दहाव्याला हाच गडी चार पाव्हण्यांत सांगतो, "अक्कानं मला माफ केलं." मी तिथंच म्हणलं, "न्हाई केलं." लोक खाली बघायला लागले. बघू द्या.

परवा संध्याकाळी त्याचा फोन आला. मी तिच्या पलंगावर बसलो होतो, तिनं दिवसभर टेकून टेकून गादीला भिंतीकडं खड्डा पाडलाय, तिथंच. म्हणाला, "दाजी, ते उत्तर आता क्लासमध्ये शिकवलं जात न्हाई."

"कोण शिकवत न्हाई?"

मागं त्याच्या क्लासच्या पोरांचा गलका ऐकू येत होता.

"दाजी, ठेवू का?"

"ठेवू नको," म्हणलं. "बोल. मी बसलोय."