भरल्या टाकीला थांबणारी गाडी

आईला बोधगयेला जायचं होतं आणि तिला फार वेळ बसवत नव्हतं. मंडईबाहेर पालेभाजी विकताना तिनं अर्धं आयुष्य जमिनीवर बसून काढलं, त्यात कंबर गेली. अर्धा तास बसली की आडवं व्हावं लागायचं. रेल्वेत बर्थ मिळतो, असं सगळे सांगायचे. बर्थ मिळतो हो, पण त्याआधी पूल, जिने आणि फलाटावरची रेटारेटी असते. एकदा निघालो होतो. दौंडला उतरून परत आलो. त्या दिवशी ती रडली नाही, तिनं फक्त पिशवीतले कपडे पुन्हा कपाटात लावून ठेवले.

मी तेव्हा हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होतो. आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. हे मी आजही कुणी न विचारता सांगतो. कंपनी मला दोन वर्षांसाठी परदेशी पाठवणार होती आणि त्याआधी महिनाभराची रजा मिळाली होती. आईची कंबर दोन वर्षं वाट बघणार नव्हती. म्हणून मी भाजी वाहणारा एक जुना छोटा ट्रक विकत घेतला. हौद्यावर पत्र्याची खोली बांधून घेतली, आत दिवाण, पाण्याचा ड्रम, शेगडी आणि आईला झोपल्या झोपल्या बाहेरचं दिसेल अशी खिडकी. कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत तो उभा केला, तर खालच्या मजल्यावरचे रिटायर्ड हेडमास्तर दोनदा फेरी मारून आले.

"अहो, आपण पार्किंगमध्ये दुसरं घर बांधलंत. मेंटेनन्स दोन घरांचा भरणार, की हे औटहाउस?"

"महिनाभरच आहे, सर."

"महिनाभर. छान. बंगला असता तर चाकं लागली नसती."

वडील त्या वेळी बॉनेट उघडून उभे होते. त्यांना मी दादा म्हणायचो. स्वारगेटजवळच्या बसच्या वर्कशॉपमध्ये ते फिटर होते, तिथूनच रिटायर झाले. गाडी बघून त्यांनी एकच अट घातली. "कात्रज चढायचा, उतरून परत यायचं, मग दिवे घाट चढून घरी. मधे एकदाही बंद पडता कामा नये. तसं झालं तर तुझ्या आईला बसवीन. नाहीतर नाही."

वर्कशॉपमध्ये त्यांची एक पद्धत होती. ज्यानं काम केलं त्यानंच ट्रायलला गाडीत बसायचं. ब्रेक तू बांधलास ना, मग उतारावर तूच बस. त्यामुळे स्टिअरिंगवर मी, शेजारी दादा. हात लावणार नाहीत, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. "इंजिनिअर तू आहेस."

मी कॉम्प्युटरचा इंजिनिअर होतो, पण हे त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता.

पहिल्या ट्रायलला गाडी कात्रज अर्धा चढली, धापा टाकायला लागली आणि बंद पडली. मी उतरलो, टाकीचं झाकण उघडून डिझेल बघितलं, भरपूर होतं. बसून सेल्फ मारला तर लगेच चालू. डिझेलचा फिल्टर तुंबला असणार, असं मी ठरवलं आणि बदलला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग फीड पंप बदलला, पाइप बदलले, सगळं एका दमात. तिसऱ्या ट्रायलला गाडी कात्रज चढली, उतरली, मी खुशीत शीळ घालायला लागलो. दिवे घाटाच्या तिसऱ्या वळणावर ती थांबली. या वेळी वैतागून मी उतरलोच नाही. अर्धा तास तसेच बसून राहिलो, तेव्हा कुठे चालू झाली.

रजेतला दीड आठवडा संपला होता. घरी आलो तर आईनं विचारलंसुद्धा नाही. ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी एक कोरा कागद आणि पेन समोर ठेवलं. "लिही."

"काय लिहू?"

"गाडी काय करते ते. तुला काय वाटतं ते नको. वर्कशॉपात ड्रायव्हर यायचा, म्हणायचा पंप गेलाय. आम्ही म्हणायचो, पंपाचं आम्ही बघू, तू फक्त गाडीनं काय केलं ते सांग."

मी जरा फुरंगटूनच लिहायला घेतलं. लिहिताना पेन अडायला लागलं, कारण 'बहुतेक' हा शब्द आला की दादा तो खोडायला लावायचे. शेवटी कागदावर पाच-सहाच ओळी उरल्या. टाकी काठोकाठ भरून निघालो त्या दोन दिवशी अर्ध्या-पाऊण तासात बंद पडली. अर्ध्या टाकीवर निघालो त्या दिवशी दोन तास चालली. झाकण उघडून डिझेल बघितलं तेव्हा लगेच चालू झाली. नाही बघितलं त्या दिवशी अर्धा तास लागला.

दादांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. "पोट भरलेलं असताना लवकर दमते. असं कुठं असतं का?"

मग ते पार्किंगमध्ये गेले. मला म्हणाले, जागेवरच इंजिन चालू ठेव. बराच वेळ ते टाकीशेजारी उकिडवे बसून होते. इंजिनचा आवाज बदलला तसा त्यांनी झाकणाला हात घातला आणि हळूच फिरवलं. आत हवा शिरल्याचा लांब सुस्कारा मला केबिनमध्ये ऐकू आला. इंजिन पुन्हा नीट चालायला लागलं.

त्यांनी झाकण उलटं करून माझ्यापुढे धरलं. झाकणाला एक बारीक भोक असतं. डिझेल जसं संपतं तशी तिथून हवा आत जाते. नाही गेली, तर टाकी आतून ओढून धरते आणि इंजिनला डिझेल मिळत नाही. भरल्या टाकीत हवेला जागाच थोडी, म्हणून ते लवकर होतं. झाकण उघडलं की हवा एकदम आत शिरते, नाहीतर झाकणाच्या कडेनं झिरपायला अर्धा तास लागतो. ते भोक लांबीनं, म्हणजे काचा बसवायच्या पुट्टीनं, गच्च बुजवलेलं होतं.

बुजवलं होतं मीच. गाडी सोसायटीत आणली त्या दिवशी दिवाणावर पडून बघताना आईला डिझेलच्या वासानं उमळून आलं होतं. टाकी बरोबर तिच्या खिडकीखाली होती. म्हणून मी झाकणाला जाड रबर लावलं आणि भोकात लांबी भरली. आईची काळजी घेतली म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली होती.

मी ते दादांना सांगून टाकलं. ते म्हणाले, "वास तर बंद झालाच पाहिजे. ते बरोबर होतं तुझं." भोक त्यांनी टाचणीनं मोकळं केलं नाही. झाकणच नवीन बसवलं, त्याला एक बारीक नळी जोडली आणि ती नळी चासीच्या लोखंडी सांगाड्यावरून मागे, खिडकीपासून लांब नेली. नळीचं तोंड खाली वळवलं, पाणी जाऊ नये म्हणून. आयुष्यात हजारो गाड्या त्यांच्या हाताखालून रस्त्यावर गेल्या असतील आणि त्यांतल्या एकाही प्रवाशाला त्यांचं नाव माहीत नव्हतं. मी माझ्या डिग्रीची फ्रेम हॉलमध्ये लावली आहे. त्या डिग्रीची फी ज्या हातांनी भरली, त्या हातांना त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट बघत होतो.

पुढची ट्रायल काठोकाठ टाकी भरून केली. कात्रज, परत, दिवे घाट. वर पोचल्यावर मी गाडी बाजूला घ्यायला लागलो तर दादा म्हणाले, "थांबतोस कशाला? तिला थांबायचं नाही आणि तुला थांबायचंय." घरी आल्यावर ते आईला एवढंच म्हणाले, "आवरून घे."

आम्ही निघताना हेडमास्तर खाली उभे होते. त्यांनी आईच्या हातात एक पांढरं फूल दिलं. "आमच्याकडून वाहा. आणि ते औटहाउस सांभाळून न्या."

वाटेत एक पंक्चर झालं, एकदा फॅनचा पट्टा तुटला. दोन्ही वेळा आई दिवाणावर पडून खिडकीतून सूचना देत होती. रोज थोडं थोडं जात पाचव्या दिवशी पोचलो. तिची कंबर प्रवासात खर्च झालेली नव्हती, म्हणून गाडीपासून देवळापर्यंत ती आपल्या पायांनी चालली, माझ्या खांद्यावर फक्त हात ठेवून. आत तिनं वंदना म्हटली, बोधिवृक्षाखाली हेडमास्तरांचं वाळलेलं फूल ठेवलं, पाठ टेकायला भिंत शोधली आणि बसली. दादा तिच्या शेजारी. मी घड्याळ बघणार होतो, अर्धा तास झाला की उठवायला. तिनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "बस की खाली. दुखलं तर मी सांगते."