उलटी बसवलेली चिप

प्रिय ईशान आणि तन्वी,

परवा फोनवर ईशानने सांगितलं की त्याने जुन्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर स्वतः बदलला. वर म्हणाला, "आजी, तुला यातलं नाही कळायचं." म्हणून आता लिहायला बसले. असाच एक प्रोसेसर मी नागपुरात बदलून घेतला होता, तुमची आई शाळेत असताना. तेव्हा जे घडलं ते फारसं कुणाला सांगितलं नाही... कारण चमत्कारांवर माझा विश्वास कधीच नव्हता. आजही नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. धंतोलीतल्या एका खासगी हॉस्पिटलचं ऑफिस मी सांभाळत असे. जिन्याखालच्या खोलीत एक सेकंडहँड कॉम्प्युटर होता. चार रजिस्टरांतली रक्तदात्यांची नावं तीन महिने बसून मी त्यात टाइप केली होती. पण यंत्र इतकं मंद, की आमचे हेडक्लार्क वानखेडे रजिस्टर चाळून आधीच नावं काढून देत. शेवटी हॉस्पिटलचे मालक डॉक्टरसाहेब म्हणाले, "बाई, दसऱ्यानंतर दोघांची शर्यत लावू. कॉम्प्युटर हरला, तर हा डबा परत."

कामठीचे मेश्राम रेडिओ-टीव्ही दुरुस्त करत, कॉम्प्युटरही उघडत. प्रोसेसरची जुनी चिप काढून तिच्याच जागी बसणारी, जास्त वेगाची नवी चिप त्यांनी मुंबईहून मागवली. ती आली नेमकी खंडेनवमीला. टाइपरायटर, स्टेथोस्कोप, कात्र्या, सगळ्यांची पूजा मांडलेली. मी चिपही ताटात ठेवली आणि कालवलेलं कुंकू सढळ हाताने लावलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मेश्राम आले.

"चिपले कुंकू काहून लावलं, बाई? लगीन हाय का तिचं?"

"पूजा होती. बसवा तुम्ही."

"खाच कोणत्या बाजूले हाय? कुंकवात दिसून नाही राहिली. पुसू का?"

चिपच्या एका टोकाला खाच असते, ती सॉकेटवरच्या खुणेशी जुळवायची असते. मी म्हटलं, "पूजेचं आहे, पुसू नका. खाच या बाजूला." अगदी ठामपणे सांगितलं. त्यांनी तशी बसवली.

दुपारी डॉक्टरसाहेब घड्याळ घेऊन उभे राहिले. "कामठीकडचे सगळे बी निगेटिव्ह रक्तदाते. करा सुरू."

वानखेडे बाह्या सावरत म्हणाले, "मॅडम, डब्याले चहा पाजा आधी."

ते दुसऱ्या रजिस्टरवर होते तेव्हा प्रिंटर करकरू लागला. यादी पूर्ण बाहेर आली तरी त्यांचं बोट तिसऱ्याच्या मध्यावर. डॉक्टरसाहेबांनी कागद फाडून घेतला, वाचला आणि एवढंच म्हणाले, "राहू द्या यंत्र." मी सगळ्यांना जिलेबी खाऊ घातली. वानखेड्यांना दोनदा वाढली.

आठवड्याने मेश्राम ब्रशने धूळ झाडायला आले. झाकण उघडलं. वाळलेलं कुंकू झडलं, आणि त्यांचा हात तसाच थांबला.

"बाई... खाच तिकडं हाय. ही उलटी बसली आपली."

"मग?"

"मग काय? उलटी बसली का करंट भलतीकडूनच घुसते. जळते चिप. आठ दिवस चालते कशी?"

त्यांनी ती काढून सरळ बसवली. तशीही चालली, वेग तोच. मेश्रामांना राहवेना. काढून ठेवलेली जुनी चिप त्यांनी घरी एका भंगार बोर्डावर मुद्दाम उलटी लावली. बटण दाबताच धूर निघाला आणि ती कायमची गेली. पुढे ओळखीतल्या दोन इंजिनिअरांना मी विचारलं. एक म्हणाला, "मेश्रामच चुकले असतील पाहण्यात." पण झाकण उघडलं तेव्हा मीही वाकून पाहत होते, आणि त्या वेळी चष्मा लावला होता. कारण मला आजही सापडलेलं नाही.

तो कॉम्प्युटर पुढे चार वर्षं चालला, मग भंगारात गेला. शर्यतीची यादी माझ्याकडे आहे. शाई फिकी झाली आहे, पण अकराही नावं वाचता येतात, आणि प्रत्येकासमोर वानखेड्यांनी रजिस्टरशी ताडून केलेली निळ्या पेन्सिलची खूण आहे.