सुकलाल भाऊंचे दोन पडदे

पाचोऱ्याहून फोन आला तेव्हा मी जळगावला काकांच्या प्रेसमध्ये प्रूफ वाचत होतो. सुकलाल भाऊ गेले... त्याला महिना झाला. अजून मला त्यांच्याविषयी धड बोलता येत नाही, कारण दुःखापेक्षा लाजच जास्त वाटते.

भाऊ आमचे जुने कंपोझिटर. शिशाचे खिळे जुळवण्यात हयात गेली. दीड वर्षापूर्वी काकांनी कॉम्प्युटर आणला, त्याला दोन पडदे जोडले. पडद्यावर खिडक्या मांडणारे दोन प्रोग्राम विक्रेता आठवडाभर वापरायला देऊन गेला. एकात खिडक्या पत्त्यांसारख्या एकमेकींवर चढायच्या, दुसऱ्यात फरशी बसवावी तशा शेजारी शेजारी बसायच्या. निवड माझी होती. भाऊ म्हणाले, "दादा, शेजारनाच ल्या. खिळावर खिळा कधी चढस का? झाकायी गयं ते कसं दिसी?" मी हसलो. "भाऊ, खिळ्यांचा जमाना गेला." आणि झोकदार दिसतो म्हणून पहिलाच घेतला.

दोनच महिन्यांत पारोळ्याची एक लग्नपत्रिका आली. आमच्या रिवाजाप्रमाणे जुनीच पत्रिका घेऊन मी तिच्यात नवी नावं भरली. नवरदेवाच्या आजोबांच्या नावाआधी राहिलेलं जुनं 'कै.' मी खोडलंही, पण चुकून वर चढलेल्या जुन्या पत्रिकेच्या खिडकीत; नवी तिच्याखाली झाकली गेली होती. छापून, वाटूनही झाल्या आणि धडधाकट आजोबा स्वतः काठी टेकत प्रेसमध्ये आले! काकांनी विचारलं, कुणी केलं? माझ्या तोंडून निघालं, "भाऊंनी." भाऊंनी एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि आजोबांपुढे हात जोडले. "चूक झायी, आबा." काकांनी त्यांना बाइंडिंगला बसवलं. आठवड्यात ते काम सोडून गावी गेले. मी त्यांना थांबवलंसुद्धा नाही. भित्रा कुठला!

परवा पाचोऱ्याला त्यांच्या बायकोला, अक्कांना, भेटायला गेलो. चहा हातात घेऊन कसंबसं म्हणालो, "अक्का, ती चूक माझी होती."

"तेस्ले ठाऊक व्हतं, भो."

"मग बोलले का नाहीत?"

"म्हनेत, पोरगा नवा शे, त्यानं नाव खराब व्हई. येक दिन सोता ई आनि सांगी." अक्कांनी दाराकडे पाहिलं. "जळगावनी पाचनी गाडी उनी का दारमा जाईसन उभा ऱ्हायेत. वरीसभर."

मी पाचच्याच गाडीनं आलो होतो.