गार्डबाईंची वळकटी

आमच्या शाळेच्या दाराला लाल झेंडी लागली की सरपंचसुद्धा बाहेर थांबत. झेंडी खरोखरची होती, रेल्वेची. बाईंचे यजमान दौंडला मालगाडीवर गार्ड होते. त्यांची एक जुनी, कड विरलेली झेंडी बाईंनी शाळेत आणली होती. शिकवणं सुरू झालं की ती दाराच्या कडीत अडकवायची, संपलं की काढायची. मध्येच कुणी डोकावलं तर बाई फळ्याकडे तोंड ठेवूनच म्हणत, "लाल झेंडीला मेल थांबते. तुम्ही कोण लागून गेलात?" गावानं मग त्यांचं नाव घेणंच सोडून दिलं. त्या सगळ्यांच्या गार्डबाई झाल्या.

बाई अप-डाऊन करत. दौंडहून शटलनं केडगाव, तिथून शिरूरकडे जाणारी एसटी, न्हावऱ्याच्या अलीकडे आमच्या फाट्यावर उतरायचं आणि पुढं उसाच्या कडेनं पायी. एवढं करून शाळेचं कुलूप त्याच उघडत. त्यांच्या आधीचे गुरुजी गावातच राहायचे आणि आरामात, पान खाऊन यायचे. त्यांच्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. चार इयत्ता, दोन खोल्या आणि एकट्या बाई. "माझी गाडी चुकली तर तुमचं वर्ष चुकतं," असं त्या म्हणत आणि आम्हाला ते अक्षरशः खरं वाटे.

आमच्याकडे लग्नाचं वऱ्हाड शाळेत उतरवायची रीत होती. शाळेला सुट्टी, बाकं बाहेर, वर्गात गाद्या आणि फळ्यावर नवरानवरीची नावं. गुरुजी किल्ली स्वतः नेऊन देत. त्या वर्षी सरपंचआप्पांच्या मुलीचं लग्न निघालं, तेही शाळेच्या दिवशी. आप्पा स्वतः आले. बाई म्हणाल्या, "रविवारी लग्न धरा, दारातली रांगोळी मी काढते. शाळेच्या दिवशी खोली मिळणार नाही."

आप्पा हसले. "बाई, एका दिसानं काय पोरं कलेक्टर व्हायची राहत्यात व्हय?"

"कोणता दिवस कामी येईल ते मला ठाऊक नाही, आप्पा. म्हणून सगळेच शिकवते."

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड आलं ते थेट शाळेवर. दाराला लाल झेंडी. बाहेर बँडवाले, घामाघूम पाहुणे आणि आत आमचा भागाकार. फेटा बांधलेला नवरदेव खिडकीच्या गजांतून पाहत होता. बाई त्याला म्हणाल्या, "बाकी किती उरली सांगता का? नाहीतर मारुतीच्या देवळात सावली आहे." वऱ्हाड देवळात गेलं. आम्ही पोरं हसलो, पण आप्पांचा चेहरा पाहून हसू गिळलं. याची किंमत बाईंना मोजावी लागणार, हे त्या वयातही कळलं होतं.

महिन्याभरात वर तक्रार गेली. बाई मुख्यालयी राहत नाहीत, म्हणजे नोकरीच्या गावी मुक्काम करत नाहीत, सबब बदली करावी. नियम होता, खोटं काही नव्हतं. गुरुजींच्या पानाला मात्र कोणताच नियम नव्हता. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या पटांगणात ग्रामसभा बसली. पंचायत समितीचे साहेब आले होते. बाईंनी गावात राहायला हवं, यावर झाडून सगळे हात वर गेले. आम्ही पोरं जिलेबी हातात धरून तशीच बसलो होतो.

बाई उठल्या, वर्गात गेल्या आणि सुतळीनं आवळलेली वळकटी, स्टोव्ह आणि पिशवी घेऊन बाहेर आल्या. सगळं सभेच्या मधोमध ठेवलं. "ठराव मला मान्य आहे. सामान घेऊनच आले आहे. आता सांगा, कुणाच्या दारात उतरवू?"

बाई बौद्ध होत्या. गावात ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि ते कुणी तोंडानं बोलत नव्हतं.

"आप्पा, तुमच्या माडीवर दोन खोल्या मोकळ्या आहेत."

"तिथं पेंडीची पोती हायेत, बाई."

दुसऱ्याकडे पाहुणे येणार होते. तिसऱ्याचं छप्पर गळत होतं, जानेवारीत. मग बाईंनी माझ्या वडिलांकडे पाहिलं. पान खाणारे गुरुजी आमच्याच पडवीतल्या खोलीत राहून गेले होते आणि ती खोली रिकामी होती, हे शाळेतल्या पोरांनाही माहीत होतं. वडील म्हणाले, "घरात इचारून सांगतो." माझ्या वडिलांनी उभ्या आयुष्यात घरात कुणाला काही विचारलेलं नव्हतं. त्यांनी मान खाली घातली, ती सभा संपेपर्यंत वर केली नाही. मला त्यांची लाज वाटली. आजही वाटते.

मागून बौद्धवस्तीतले एक म्हातारे मामा उठले. "आमच्यात चला ताई. हाय त्यात भागवू. माझी पोरगीच म्हणायची तुमी."

बाईंनी त्यांना हात जोडले. "तुमच्याकडे मी कधीही येईन, मामा, न विचारता येईन. पण ठराव गावानं केलाय, खोली गावानं द्यायची." मग त्या साहेबांकडे वळल्या. "साहेब, शेरा मारा. बाई राहायला तयार आहेत, गाव ठेवून घ्यायला तयार नाही."

साहेबांनी शेरा मारला नाही, फाईल मिटली. बदलीचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही, कारण काढलं असतं तर वळकटी पुन्हा पटांगणात आली असती. बाईंनी ती घरी नेलीच नाही. "खोली मिळेल त्या दिवशी सोडीन," म्हणाल्या आणि वर्गाच्या कोपऱ्यात, दारातून दिसेल अशी ठेवून दिली. मी चौथी पास होऊन गेलो तरी ती तिथंच होती. आम्ही पाळीपाळीनं तिची धूळ झटकायचो. शाळेत आलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाची नजर तिच्यावर जायची आणि तो काही ना काही निमित्त काढून लवकर उठायचा.

पुढं रीतसर बदली होऊन बाई दौंडजवळच्या शाळेत गेल्या. गावानं नारळ, साडी आणली. बाईंनी नारळ घेतला, साडी परत केली. वळकटी काखेत मारून म्हणाल्या, "गाठ बांधलेलीच नेते आहे. पुढच्या बाईंना तरी सोडू द्या." निरोपाचं भाषण तेवढंच.

काही वर्षांनी मीही शिक्षणसेवक झालो. नेमणूक घोडनदीच्या काठच्या एका गावात. पहिल्याच दिवशी, चहा संपायच्या आत, तीन घरांनी मला खोली देऊ केली. माझं आडनाव तसं आहे. एकानं तर किल्लीच हातात ठेवली. मी विचारलं, "माझ्या आधीच्या बाई कुठं राहायच्या?"

"त्या अप-डाऊन करायच्या, गुरुजी."

"का?"

"त्यांचं जरा येगळं व्हतं."

"वेगळं म्हणजे?"

त्या भल्या माणसानं मान खाली घातली. ती मान मी ओळखली. मी किल्ली त्याच्या हातात परत दिली.

त्या रविवारी पेढे घेऊन दौंडला गेलो. यजमान निवृत्त झाल्यावर रेल्वेचं क्वार्टर सोडून बाई दौंड गावातच राहायला आल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी शाबासकी वगैरे दिली नाही. पेढा तोंडात टाकत म्हणाल्या, "तक्रार होईल तुझी."

"होऊ दे, बाई."

"पहिली एसटी धरायची. उशीर केलास तर तुझ्या बाजूनं मी नाही."

"धरतो."

बाई उठल्या, स्टूल ओढलं आणि माझं न ऐकता स्वतःच माळ्यावर हात घातला. सुतळी तीच होती, गाठही तीच. वळकटी माझ्यासमोर ठेवत म्हणाल्या, "कोपऱ्यात ठेव. दारातून दिसली पाहिजे."

सोमवारी पहिल्या एसटीत कंडक्टर म्हणाला, "गुरुजी, राहायला चाललात वाटतं?"

"गावानं ठेवून घेतलं तर," मी म्हणालो.