आक्काचं नॉटपेड पत्र

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी "बरं" म्हणालो आणि ठेवून दिला. बायको विचारत राहिली, कुणाचा फोन होता... सव्वा महिना झाला, अजून रडू आलेलं नाही. म्हातारपणी डोळे आटतात म्हणे, तसं असेल.

निजामाच्या शेवटच्या वर्षांत उदगीरच्या आमच्या गल्लीत पत्राला तिकीट किती लागेल, ते माझी ही थोरली बहीण सांगायची. तिचं सासर गावातच, दोन घरं सोडून. सोनाराच्या छोट्या तराजूत एकीकडे पत्र, दुसरीकडे रुपया. तोही इंग्रजांचा कलदार, कारण तो बरोबर तोळ्याचा. आपला निजामाचा हाली रुपया जरा हलका. कुणी पत्र हातावर तोलून दाखवलं की म्हणायची, "हाताला काय कळतंय? टाक तराजूत." मग पुढचा प्रश्न, "हद्दीत का हद्दीबाहेर?" निजामाचं तिकीट मोगलाईतच, म्हणजे निजामाच्या राज्यातच, चालायचं. सोलापूरला इंग्रजी तिकीट लागे, नाहीतर पत्र नॉटपेड आणि घेणाऱ्याला दुप्पट दंड. मी तिला पोस्टमास्तरीणबाई म्हणायचो, ती धपाटा घालायची.

इकडच्या शाळा उर्दूत, म्हणून मी सोलापूरला शिकायला होतो. दादांशी, म्हणजे वडिलांशी, भांडूनच गेलो होतो. घरची पत्रं दादा सांगायचे आणि आक्का लिहायची, त्यामुळे तिच्या अक्षरात मला बोलणीच यायची. त्या वर्षी आईचं दुखणं एकाएकी वाढलं. आक्कानं घाईत मला पत्र लिहिलं आणि जन्मात पहिल्यांदा तिचं चुकलं, त्याला निजामाचं तिकीट लावलं. मी घरी आलो तेव्हा आईला जाऊन पाच दिवस झाले होते.

"माझ्या तिकिटानं घात केला. पत्र पोचलंच न्हाई त्याला," असं आक्का येईल त्याला सांगायची. दादा वर्षभर तिच्याशी धड बोलले नाहीत. मी गप्प बसलो. पत्र पोचलं होतं. पोस्टमननं दंड मागितला, खिशात पैसेही होते. पण वरचं अक्षर ओळखीचं... पदरचे पैसे देऊन शिव्या कोण घेतो? "नको, परत पाठवा," म्हणालो. हे मी आक्कालाही कधी सांगितलं नाही. लाज वाटायची, अजून वाटते.

तेराव्याला भाची शैलानं एक बंद पाकीट हातात दिलं. "मामा, आई म्हणली होती, मी गेल्यावर दे." निजामाचं तिकीट, सोलापूरचा शिक्का आणि शाईत शेरा : मालकानं घेतलं नाही. मालक म्हणजे ज्याच्या नावाचं पत्र तो, मी. म्हणजे ते तेव्हाच आक्काकडे परत आलं होतं. तिला सगळं ठाऊक होतं.

"तुम्ही फोडून नाही बघितलं?" मी विचारलं.

"आई फोडू देईना. त्याच्या नावाचं हाय, त्यानंच फोडावं म्हणायची."

काल फोडलं. दादांचं त्यात एकही वाक्य नव्हतं. "आई सारखं तुझं नाव घेती. निघून ये. दादांना मी बघते, तुला कुणी काही बोलणार न्हाई."

आणि खरंच, मला कधी कुणी काही बोललं नाही.